सातव्या मावशीच्या पापण्या

गुरुवारी सकाळी क्वेनने दुकानाचं शटर अर्ध्यावर उचललं आणि गल्लीच्या तोंडाशी सातवी मावशी दिसली, तेव्हा ते पुन्हा खाली ओढून घ्यावं असं तिला फार वाटलं. मावशी बिनटोपीची येत होती. सुके मासे विकणारी बाई सा देक गावच्या उन्हात टोपीशिवाय चालत येते, तेव्हा त्याला एकच कारण असतं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला तिचे डोळे नीट दिसावेत. आणि दाखवायचे होते ते काही कौतुकानं नव्हे.

सोमवारी क्वेनने तिच्या पापण्यांचं पर्म केलं होतं. त्या दिवशी केस असे झोकात वर वळले होते की मावशी आरशासमोरून हलेना. आज गुरुवार. मावशी आत आली, चपला काढल्या, बाकावर ऐसपैस बसली आणि मान वर करून दोनदा डोळे मिचकावले. केस सगळे पुन्हा सरळ, झावळ्यांच्या छपराच्या कडेसारखे खाली लोंबलेले.

"ही तिसरी खेप," मावशी म्हणाली. "टिकण्याच्या बाबतीत माझा नवरासुद्धा बरा होता म्हणायचा."

मावशीचा नवरा वीस वर्षांपूर्वी लाँग स्वेन गावच्या एका टोप्या विकणारीबरोबर निघून गेला होता. हे सगळ्या गावाला ठाऊक, कारण मावशीनेच ते घरोघर जाऊन सांगितलेलं. स्वतःची गोष्ट जी पोटात ठेवत नाही ती दुसऱ्याची काय ठेवणार? शटर ओढून घ्यावंसं क्वेनला वाटलं ते त्यामुळेच.

सातवी मावशी तशी कोणाचीच सख्खी मावशी नव्हे. भावंडांत तिचा नंबर सातवा, म्हणून बरोबरीच्यांची ती सातवी आणि बाकी बाजाराची सातवी मावशी. खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. नदीकाठच्या बाजारात मासळी आणि फुलं यांच्या रांगा जिथे मिळतात, बरोबर तिथे तिचा गाळा. इकडून तिकडे जायचं तर तिच्यासमोरून जावंच लागतं. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, कुणी कानातलं मोडलं, कुणाची सून माहेरी जाऊन महिना झाला, सगळा माल आधी मावशीकडे उतरायचा आणि मग तिथून गावभर जायचा. त्यात ती थोडं मीठ लावायची. सुक्या मासळीचा धंदा, मीठ हाताशीच असतं.

क्वेनने दुकान उघडलं तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. रंगवलेली पाटी लावण्यापेक्षा ही एक बाई खूश झाली की काम झालं. ठरवलं होतं ते खरंच होतं, फक्त उलटं झालं. पहिल्यांदा पर्म उतरलं ते सप्टेंबरात. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात, तिसऱ्यांदा आता. मध्ये तीन तीन आठवडे थांबावंच लागतं, घाई केली तर केस तुटतात. म्हणजे ते तीन आठवडे मावशी आपल्या पडलेल्या पापण्या घेऊन गाळ्यावर बसायची आणि मासे तोलता तोलता प्रत्येकीला डोळे मिटून दाखवायची. सोन्याच्या दुकानातल्या दोघी पोरी येणार होत्या, त्या आल्याच नाहीत. शाळेतल्या बाईंनी पुढच्या महिन्यात बघू म्हणून सांगितलं. पुलापलीकडे नवं पार्लर निघालं होतं. तिथल्या बाईने तर काचेवर चिकटवलं, "आमच्याकडे चार दिवसांत उतरत नाही." नाव कोणाचं घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

क्वेनचा जीव त्या दुकानाच्या खोलीत अडकला होता. चार वर्षं सायगॉनला दुसऱ्याच्या पार्लरमध्ये वाकून वाकून तिच्या मानेचं पार लाकूड झालं होतं. नवरा ख्येम वाळूच्या पडावावर, वीस दिवस नदीत आणि पाच दिवस घरी. तो म्हणाला, परत ये, आईच्या घराची पुढची खोली आहे. आई म्हणाली, आहे खरी. तीन खोल्यांचं घर, पण बाजाराच्या मागच्या गल्लीकडे तोंड असलेली एकच. सासूबाईंना तिथे कणीच्या भाताचा धंदा मांडायचा होता, वर भाजलेलं डुक्कर, लोणच्याची मुळ्याची चकती. सगळा बेत ठरलेला होता. तरी म्हातारीने सुनेला तेतच्या सणापर्यंत मुदत दिली. नव्या वर्षाला दुकान चालू असेल तर खोली तुझी, नसेल तर माझ्या शेगडीची. बोलून चालून सरळ सौदा. तेव्हापासून दर वेळी सातव्या मावशीच्या पापण्या पडल्या की सासूबाई शिंप्याची फीत घेऊन खोलीत यायच्या आणि भिंती मोजायच्या. जणू मागच्या वेळेनंतर भिंती हलल्या असतील.

आता खरं सांगायचं तर मावशीला पापण्या वळवून घ्यायची हौस नव्हती. तिला नाइलाज होता. तिची धाकटी तैवानात दिलेली. दर रविवारी दुपारी ती आईला व्हिडिओ फोन लावते आणि पाठीमागून तिची सासू डोकावते. मावशीच्या पापण्या लांब, दाट, पण सरळ खाली येणाऱ्या. फोनमध्ये त्यामुळे डोळे अर्धे मिटलेले दिसतात. विहीणबाई दर रविवारी मोठ्या काळजीने विचारायच्या, आईंना झोप आली आहे का? मग आपण नंतर बोलू. आणि फोन बंद. आठवडाभर साठवलेलं सगळं मावशीच्या घशात राहायचं. ज्या बाईच्या तोंडाला गावात कोणी लगाम घातला नाही, तिला तैवानची एक बाई झोपेच्या नावाखाली गप्प बसवत होती. सोमवारी पर्म, गुरुवारी खलास, रविवारी पुन्हा झोप आली आहे का. तीन महिने हेच चाललेलं.

क्वेनने काय नाही केलं. पहिल्या वेळी मावशीला तिने मान दिला. खोलीतली सगळ्यात चांगली जागा, नव्या एसीच्या अगदी खाली, तिथे गादी घालून निजवलं. डोळ्यांवर कापूस, पापणीवर सिलिकॉनची इवलीशी वळलेली पट्टी, तिच्यावर गोंद, आणि मग बारीक चिमट्याने एकेक केस उचलून पट्टीवर चिकटवायचा. शेजारचा केस शेजारच्यावर चढता कामा नये. मग पहिलं औषध, ज्याने केस मऊ पडतो. मग पुसून दुसरं, ज्याने तो नव्या आकारात बसतो. घड्याळ बघत, श्वास रोखून. मावशी तेवढा वेळ तोंड बंद ठेवणार नव्हतीच, त्यामुळे गालही हलत होते.

दुसऱ्या खेपेला क्वेनने औषध दोन मिनिटं जास्त ठेवलं. तिसऱ्या खेपेला सायगॉनहून नवीन बाटल्या मागवल्या, लहान पट्टी घेतली. मध्ये स्वतःच्या पापण्यांवर जुनं औषध लावून बघितलं, ते सात आठवडे हललं नाही. शेजारच्या शिवणवालीवर केलं, ते टिकलं. बाजारातल्या नारळवालीची पोर, तिचं टिकलं. औषध तेच, हात तोच, खोली तीच. फक्त या एका बाईच्या डोळ्यांवर काहीतरी शाप होता. दारातल्या भूमिदेवाला क्वेन रोज सकाळी काळी कॉफी आणि एक सिगारेट ठेवायची. तिसऱ्या खेपेनंतर तिने कॉफी ठेवली, सिगारेट ठेवली नाही.

"एक दिवस पाणी लावू नका म्हटलं होतं, लावलं असेल तुम्ही," ती त्या गुरुवारी मावशीला म्हणाली. जपून म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच.

यावर मावशीने जे सांगितलं ते ऐकून क्वेनला आणखीच संताप आला, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती. सोमवारपासून मंगळवार संध्याकाळपर्यंत मावशीने तोंड नाकाच्या खालीच धुतलं होतं. अंघोळ गळ्यापर्यंत. झोपली ती पाठीवर, दोन उशांच्या मध्ये डोकं घट्ट बसवून, कूस न वळता. शेजारच्या घरात मयत होतं, तिथेही ती गेली नाही, कारण गेली असती तर रडावं लागलं असतं आणि रडली नसती तर लोकांनी नाव ठेवलं असतं. "त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला मी दुसऱ्या दिवशी रात्री रडले," मावशी म्हणाली, "तुझा तो एक दिवस संपल्यावर. घड्याळ बघून."

मग क्वेनने सगळं विचारलं. घरी जाऊन काय केलं, कुठे बसलात, काय खाल्लंत. जेवले, मासे मोजले, सुनेशी भांडले, मालिका बघितली, झोपले. क्वेनने पोलिसासारखं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. जेवले, मासे मोजले, सुनेशी भांडले. तिसऱ्यांदा विचारायला लागल्यावर मावशी उठली आणि चपला घालता घालता म्हणाली की आता चौथी आणि शेवटची खेप. ही पण पडली, तर पुलापलीकडची ती बाई तिला फुकट करून द्यायला तयार आहे, आणि ती काही आंधळी नाही, तिला माहीत आहे मावशीच्या डोळ्यांची किंमत.

आतल्या खोलीतून फीत उलगडल्याचा आवाज आला.

तीन आठवडे क्वेन धुमसत होती. तांदूळ धुताना, नवऱ्याच्या फोनवर, देवाला उदबत्ती लावताना. सायगॉनच्या पार्लरवालीला तिने फोन केला तर ती म्हणाली, काही माणसांचे केसच हट्टी असतात, सोडून दे. सोडून कुठे देणार? हट्टी केस नेमके त्या बाईचे, जिच्या समोरून सगळं गाव जातं. रागाच्या भरात तिने एकदा ख्येमला विचारलं की तुझ्या पडावावरची वाळू भरून मावशीच्या डोळ्यांत टाकली तर चालेल का? ख्येम गरीब माणूस, त्याला वाटलं खरंच विचारतेय. म्हणाला, एवढी बारीक वाळू आमच्याकडे नाही.

चौथी खेप डिसेंबरात, सोमवारी दुपारी. या वेळी क्वेनने घाई केली नाही, बोलली नाही, मावशीला बोलू दिलं नाही. एसी आणखी थंडावर ठेवला, गोंद घामाने सुटू नये म्हणून. दोन्ही डोळ्यांचा एकेक केस सरळ करून चिकटवायला तिला पाऊण तास लागला. पट्ट्या काढल्या तेव्हा पापण्या इतक्या सुंदर वळल्या होत्या की क्वेनला त्यांचा राग आला. मावशी दोनदा शिंकली, पिशवी उचलली आणि निघाली.

ती कोपऱ्यावर वळल्यावर क्वेनने शटर ओढलं आणि मागोमाग निघाली. चोरून नव्हे, सबब हातात होती. रोज रात्री लावायच्या तेलाची बाटली मुद्दाम द्यायची विसरली होती. या वेळी बाई घरी जाऊन काय करते ते डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात. थेंब पडताना सापडला की झालं. मग तिला बाजाराच्या मध्यावर उभी करून सांगायचं.

मावशीचं घर कालव्याकाठी, मागची बाजू खांबांवर. क्वेन पोचली तेव्हा मावशी पुढच्या बाकावर बसली होती आणि कपाळ दाबत होती. क्वेनला बघून तिला आनंदच झाला, साक्षीदार मिळाला म्हणून. बस, म्हणाली, बघ तूच, मी पाण्याजवळ जातेय का. मग सुनेला हाक मारली नाही, काही सांगितलं नाही. तरी सून आतून मोठं पातेलं फडक्याने धरून घेऊन आलीच, कारण दुपारी मावशी पार्लरला गेली की संध्याकाळी पातेलं लागतं हे तिला पाठ होतं. पातेलं खाली ठेवलं. समोर बुटकं स्टूल. खांद्यावर जाड चादर. मावशी स्टुलावर बसली, चादर डोक्यावरून पार जमिनीपर्यंत ओढली आणि आतून झाकण सरकवल्याचा आवाज आला.

क्वेन हे सगळं बघत होती आणि तिला काहीच वाटलं नाही. काय वाटायचं? मागच्याच आठवड्यात तिने सासूबाईंना हेच करून दिलं होतं. वारा बाधला, अंग मोडून आलं, डोकं जड झालं की गवती चहा, पपनसाची पानं, लिंबाची पानं, निलगिरी, जे परसात असेल ते उकळायचं आणि चादरीखाली बसून घाम काढायचा. घरोघरचं. ती चक्क पेल्यातला चहा पीत बसली.

चादरीच्या आतून मावशी बोलतच होती. बघ, म्हणाली, थेंब नाही. तू बाटली उगीच आणलीस, मी असते ना इथे, फोन केला असतास. आणि हे बघ, रविवारी जर का ती विहीण...

तेवढ्यात चादरीची कड जराशी उचलली गेली, मावशीला पाय सरळ करायचा होता म्हणून, आणि गवती चहाचा गरम वास क्वेनच्या तोंडावर आला. तिच्या स्वतःच्या पापण्या दमट झाल्या. तिने हाताने त्या पुसल्या आणि हात बघितला.

"मावशी, बाहेर या."

"आत्ताच तर घाम सुटायला लागलाय."

क्वेनने चादर धरून ओढली. सून ओरडली, कारण घाम सुटलेल्या माणसावरची चादर ओढणं म्हणजे गेलेला वारा दुप्पट होऊन आत शिरणं, हे पोरापोरींनाही माहीत. मावशी लाल तोंडाने, केस विस्कटून, पातेल्यासमोर बसलेली. पापण्या अजून वर होत्या, पण टोकं हलकी ओली दिसायला लागली होती. क्वेनने पदर वगैरे काही नसल्याने स्वतःच्या सदऱ्याची बाही त्यांवर हलकेच टेकवली आणि पायानेच पातेलं लांब सरकवलं.

"दर वेळी हे करता तुम्ही?"

"काय?"

"हे. वाफ."

"मग काय करू, मरू? तुझ्याकडून आले की डोकं धरतं, शिंका सुरू. तासभर निजवतेस त्या यंत्राखाली. आम्ही मासा उन्हात घालतो, तू माणूस बर्फात घालतेस."

"मी तीनदा विचारलं तुम्हाला, घरी जाऊन काय काय केलंत."

"तू विचारलंस पाणी लावलं का. मी लावलं नाही. हे पाणी आहे का? औषध आहे हे. आणि पोरी, मी घरी येऊन श्वास घेतला, ते पण सांगायचं राहिलं बघ."

क्वेन खाली जमिनीवरच बसली. आता तिला मावशीचाच राग येऊन भागलं असतं तर बरं, पण तसं नव्हतं. सायगॉनला पर्मनंतर देतात त्या छापील कागदावर दुसऱ्या नंबरची ओळ होती, एक दिवस वाफेच्या खोलीत जाऊ नये. स्वतःचे कागद छापून घेताना क्वेनने ती ओळ खोडली होती. सायगॉनमध्ये लाकडी खोलीत टॉवेल गुंडाळून वाफ घेणाऱ्या बायका असतात. सा देकमध्ये तशी खोली कोणाकडे आहे? लोक हसतील, म्हणून खोडली. आणि इथे घरोघर चादरीखाली एकेक वाफेची खोली. मावशीला सगळ्यात चांगली जागा दिली, एसीच्या खाली, मानाने. त्या मानानेच तिला वारा लागत होता, आणि त्या वाऱ्यावरचा उपाय क्वेनच्या तासाभराच्या कष्टाला पाणी लावत होता. तीन महिने ती ज्या चोराला शोधत होती, त्याला तिनेच रिमोट हातात देऊन बसवलं होतं.

"आज नाही," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत हे पातेलं नाही."

मावशी पातेल्याकडे बघत राहिली. वाफ कमी कमी होत होती. सून म्हणाली, आईंना ताप येईल. मावशीने बोटं मोजली, सोमवार, मंगळवार, बुधवार, थेट रविवारपर्यंत. मग सगळा राग डोळ्यांत आणून ती क्वेनला म्हणाली की ठीक, पण मग वारा दुसऱ्या वाटेने काढायचा, आणि तो जिने घातला तिनेच.

म्हणजे पाठ घासायची. हिरवं तेल लावायचं आणि चमच्याच्या कडेने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी लाल पट्टे उठेपर्यंत ओढायचं. पालथं निजवता येईना, पापण्या उशीवर दबतील. म्हणून मावशी स्टुलावर ताठ बसली आणि क्वेन मागे गुडघ्यांवर. तेल डोळ्यांजवळ नेलं तर डोळ्यांना पाणी येईल, म्हणून कपाळाला लावायचं नाही. कपाळाला न लावता वारा जातो असं कोणी ऐकलंय? मावशीने ऐकलं नव्हतं, आणि ते तिने अर्धा तास सांगितलं. सायगॉनला चार वर्षं शिकून आलेली क्वेन, तिच्या मनगटाला गोळा आला होता, नाकात हिरव्या तेलाचा भपका आणि समोर मावशीची रुंद पाठ. डावीकडे आणखी, मावशी म्हणायची. तिथे तुझं यंत्र लागलंय.

पर्म राहिलं. गुरुवारी राहिलं, शुक्रवारी राहिलं. फक्त वारा अर्धाच गेला, अर्धा आत राहिला. मावशी आठ दिवस नाक पुसत गाळ्यावर बसली होती आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला डोळे मिटून, उघडून, मग शिंकून दाखवत होती. दोन्ही गोष्टींचं श्रेय क्वेनला. रविवारी तैवानची विहीण मागून डोकावली आणि म्हणाली, आईंचे डोळे आज किती मोठे दिसताहेत, पण नाक लाल का? रडल्या का? मावशीने सांगितलं, हो, आनंदाने, आणि पुढचा पाऊण तास कोणाला फोन ठेवू दिला नाही.

इथे ही गोष्ट क्वेनच्या बाजूने संपायला हवी होती. तिला तसं वाटलंही. पापण्या नव्या वर्षापर्यंत वर होत्या, आणि तेतच्या आदल्या आठवड्यात दुकानात बसायला जागा नव्हती. सोन्याच्या दुकानातल्या दोघी आल्या, शाळेतल्या बाई आल्या, पुलापलीकडच्या पार्लरवालीची स्वतःची नणंद आली. सासूबाईंनी फीत गुंडाळून फडताळात टाकली आणि शेगडीचा विषय काढला नाही.

पण मावशीने बाजारात जे सांगितलं, ते तिच्या पद्धतीने सांगितलं. चार खेपांत पहिल्या तीन का पडल्या आणि चौथी का राहिली, हे तिनेच शोधून काढलं होतं. यंत्र. यंत्राचा वारा पापणीत शिरतो, केसाच्या मुळाशी बसतो आणि चौथ्या दिवशी बाहेर येताना वळण घेऊन जातो. चौथ्या खेपेला यंत्र चालूच होतं, पण मावशीला ते आता आठवत नव्हतं. तिच्या गोष्टीत तिने स्वतः उठून ते बंद केलं होतं. वाफेचं नाव कुठेच नव्हतं. वाफेवर ठपका कोण ठेवणार? ते तर औषध.

क्वेनने पहिल्या दोघीतिघींना समजावून बघितलं. त्या हसून ऐकून घ्यायच्या. मग गादीवर पडायच्या आधी एकेक जण मान वाकडी करून वर बघायची की यंत्राचा लाल दिवा विझलेला आहे ना. काहींना तेवढ्याने पुरेना. त्या म्हणायच्या, ताई, प्लगच काढा.

तेत गेला, मार्च आला. गोंद घामाने सुटतो, तो दोनदा लावावा लागतो. एका डोळ्याला जिथे वीस मिनिटं लागायची तिथे चाळीस लागतात. क्वेन वाकून काम करते आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमतो. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पडू नये म्हणून ती दर दोन मिनिटांनी मान वळवून बाहीला नाक पुसते. मानेचं लाकूड होतं ते आता ओलं लाकूड झालंय. तोंडाने ती गिऱ्हाइकांना सांगत राहते की निदान एक दिवस पातेल्यावर बसू नका. त्यांनी सांगून टाकावं की बसणार नाही, म्हणून पुन्हा पुन्हा विचारते. त्यांना ते कळतच नाही. एसी नाही, वारा नाही, मग पातेलं कशाला लागणार, असं त्या विचारतात. आणि ते बरोबरच आहे. कोणाचं पर्म उतरत नाही.

परवा सासूबाईंनी दारात एक टोपली आणून ठेवली. गवती चहा, लिंबाची पानं, निलगिरी, सगळं सुतळीने बांधून विकायला जुड्या केलेल्या. क्वेनने विचारलं हे काय. म्हातारी म्हणाली की खोली तुझी झाली, उंबऱ्याचं काही बोलणं झालं नव्हतं. इतक्या बायका तासभर घामाघूम होऊन बाहेर पडतात, तशाच बाहेरच्या वाऱ्यात जातात. कोणाला तरी वारा बाधणारच.

आत गादीवर पडलेल्या बाईने, दोन्ही डोळ्यांवर औषध असताना, दोन जुड्या बाजूला ठेवायला सांगितल्या.